लाल कावीळ

शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं. कोणी वाचलंच तर माफ करा. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतंच. पण आमच्या ह्यांचं लिव्हर मी बसल्याजागी बिघडवलं होतं, ते लिहायलाच हवं.

कर्जतच्या डॉक्टरांनी ह्यांना कोलेस्टेरॉलची गोळी दिली. शेजारच्या सुमनवहिनी म्हणाल्या, "अगं, त्या गोळीनं लिव्हर जातं! मानूस पिवळा पडतो!" लिव्हर कसं जातं, कुठून जातं, मला भारी उत्सुकता. (विचारायची लाज वाटली.)

एका सकाळी बघते तर ह्यांचे तळहात पिवळे! नखं पिवळी! कानामागेसुद्धा पिवळं!

"अवो, तुमचं लिव्हर चाललं!"

"कुठं?" हे चहा पीत म्हणाले.

गोळी मी तिथंच बंद केली. खालापूरकडच्या एका गावात कावीळ उतरवणारे तात्या आहेत. हातांना चुना चोळायचा, वरून पाणी ओतायचं. पाणी पिवळं पडलं की कावीळ उतरली. रिक्षा करून ह्यांना तिथं नेलं. तात्यांनी चुना चोळला मात्र, हात लालभडक! परातीतलं पाणीही लाल!

"रगत!" तात्या मागे सरकले. "माज्या आज्यापासून असं कदी झालं नाय!"

"अरं देवा, लिव्हरच बाहेर आलं!" मी किंचाळले. (एरवी माझा आवाज उंबरा ओलांडत नाही.) हे पांढरेफटक पडले, हात सोडून.

तात्यांच्या बायकोनं परातीत बोट बुडवलं. "काय गं बाय, काल हळदीला गेलता काय?"

"हो, माझ्या भाचीच्या."

"मंग? हळदीला चुना लागला की लालच होनार. कुंकू कशाचं करत्यात गं?"

आणि ह्यांना हळद फासली कुणी? मीच! दोन्ही हातांनी!

तसंच डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, लिव्हर ठणठणीत.

"गोळी कोणी बंद केली?"

ह्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

"क्वचित कुणाच्या लिव्हरला त्रास होतो, म्हणून तर आम्ही तपासतो," डॉक्टर म्हणाले. "डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर इकडे या. गोळी मनानं बंद करू नका."

तेव्हापासून रोज सकाळी ह्यांना दारात उजेडाला उभं करते आणि डोळ्यांत बघते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण लाजेपायी असं कधी बघितलंच नव्हतं.

"काय गं, पिवळं दिसतंय का?" हे विचारतात.

काय सांगू? तेवढंच बघायचं राहून जातं!