भित्तिपत्रकावरची लढाई

चामोर्शीत बसून आमच्या मराठीच्या सरांइतक्या लढाया दुसऱ्या कुणीही जिंकलेल्या नाहीत. सीमेवर तणाव वाढल्याची बातमी आली की सर कॉलेजच्या व्हरांड्यात स्टुलावर चढलेच म्हणून समजा. खिशात टाचण्या, हातात लाल स्केचपेन आणि समोर आम्हा विद्यार्थ्यांचं भित्तिपत्रक. संपादक म्हणून खाली माझं नाव असे, पण आघाडी सरच सांभाळत. पहिल्या तासाला शत्रूची एक चौकी पडे, मधल्या सुट्टीपर्यंत तीन. "सर, टीव्हीवर त एकच सांगून राह्यले," मी एकदा भीत भीत म्हटलं. "त्यायले अजून मालूम नाई," असं म्हणून सरांनी शांतपणे चौथी पाडली.

तरुणपणी त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत सेनापती रंगवले होते. त्यामुळे कुणाचंही लेखन त्यांच्या हाती पडलं की त्याला तलवार फुटे. माझ्या मैत्रिणीने धानाच्या रोवणीवर साधी चार कडवी दिली, तर भित्तिपत्रकाच्या फळ्यावर लागेपर्यंत चिखलात वाकलेल्या बाया शत्रूवर चाल करून निघाल्या होत्या. तिची आई वाचून म्हणाली, "आमी त रोवणी करून राह्यलो होतो वं." तरी आमचा सरांवर जीव होता, कारण दोन ओळी लिहिणाऱ्याचाही कागद त्यांनी कधी परत केला नाही.

मग एका वर्षी लढाई खरंच पेटली. सरांनी हातभर लांब मथळा लावला : 'आमचे वीर मरणाला मिठी मारण्यास आतुर'. कॉलेजात झाडलोट करणाऱ्या सुमनबाई खराटा थांबवून अक्षर अक्षर लावत तो वाचत उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा सैन्यात होता, तिकडेच सीमेवर. चार दिवसांपासून त्याचा फोन नव्हता.

"सर, माझा गणेश मराले आतुर नाई जी," त्या म्हणाल्या. "पोळ्याले घरी येतो म्हणून सांगून गेला आहे तो."

सर स्टुलावरून खाली उतरले. एकेक टाचणी काढून त्यांनी सगळा फळा रिकामा केला. दुसऱ्या दिवशी त्यावर एकच कागद होता, साध्या निळ्या शाईतला : 'सुमनबाईंच्या गणेशचा आजही फोन नाही.' त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. एरवी भित्तिपत्रकाकडे ढुंकून न पाहणारी पोरं सकाळी सायकली टाकून आधी तिथे येऊ लागली. शिकवता शिकवता सरांचं लक्ष व्हरांड्याकडे जाई आणि ओळ अर्धी राही.

तो कागद लागल्यापासून सहाव्या दिवशी तास चालू असताना सुमनबाई दारात आल्या. रडत होत्या, पण चेहरा हसरा होता. सर तसेच बाहेर गेले, आणि इतकी मोठी अक्षरं त्यांनी कुठल्याच विजयाला दिली नव्हती : 'फोन आला. बरा आहे. जेवला.'

"जेवला काऊन लिवलं, सर?" मी विचारलं.

"बाईनं पयले तेच विचारलं त्याले," सर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

सर आता निवृत्त झाले आहेत. कुठे युद्ध पेटलं की माझ्या मोबाईलवर मथळे ओरडू लागतात. मला सरांची फार आठवण येते, आणि मी त्या मथळ्यांत कुणी जेवल्याची बातमी शोधत राहते.