प्रदर्शनासाठी ठेवलेली जाळी

शाळेत मी विज्ञान शिकवतो, आणि हातानं वस्तू बनवायला शिकवण्याचा तासही माझ्याच गळ्यात आहे. त्या तासाची रीत साधी. घरची एखादी अडचण सांगायची, उपाय कागदावर काढायचा, बनवायचा, वापरून बघायचा, फसला तर परत बनवायचा. बहुतेक पोरं अडचण म्हणून प्रदूषण लिहितात. गावात नसलेलंसुद्धा लिहितात, कारण पुस्तकात असतं.

नववीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'माय मोहफुलं वेचताना वाकते.' यात अडचण काय, असं मी विचारलं. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, असं तिनं सरळ सांगितलं. जंगलाच्या कडेला त्यांच्या वाट्याचं मोहाचं झाड होतं. फुलं पडू लागली की आई उजाडता उजाडता टोपली घेऊन जायची आणि दोन-तीन तास वाकलेलीच असायची.

मुलीनं चार बांबूंवर कमरेच्या उंचीला जाळी ताणली. मधोमध उतार दिला, म्हणजे फुलं घरंगळून खालच्या बादलीत पडतील आणि आईला उभ्यानंच काम करता येईल. पहिल्यांदा जुनी मच्छरदाणी वापरली, पण ती मऊ, फुलं घड्यांतच अडकायची. मग मी नागभीडहून रोपांवर घालतात ती हिरवी जाळी आणली. भिजवलेले हरभरे टाकून पाहिले, एकूणएक बादलीत गेले. तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. लगेच जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी तिचं नाव दिलं.

आमच्याकडे चांगली वस्तू वापरायची नसते, दाखवायची असते. सूक्ष्मदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असतो, साहेब आले की बाहेर निघतो. तशी ती जाळीही मी गुंडाळून कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. प्रदर्शन पुढे गेलं. तोवर मोह पडायला लागला.

ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, मोह पडून राह्यला. जाळी घरी नेऊ का? मायले द्याची हाये."

फाटली तर परीक्षकांना काय दाखवणार, असं मी म्हणालो. आठच दिवसांचा प्रश्न आहे, मग खुशाल ने. ती हो म्हणाली आणि वर्गात गेली. सांगितलेलं ऐकणारी मुलगी, असं मी तिचं कौतुकही करायचो.

पाचव्या दिवशी तिची आई घरी आली नाही. लोक काठ्या घेऊन गेले आणि तिला घेऊन आले. त्याहून जास्त मी लिहिणार नाही.

एक सहकारी म्हणाले, सर, तुमची जाळी झाडाच्या पाव भागालाही पुरली नसती, बाकीच्या फुलांसाठी ती वाकलीच असती. बरोबर आहे. मीही घरी बसून कागदावर झाडाचा घेर काढून पाहिला होता. त्याचा मला काही उपयोग होत नाही. मला रडू आलं नाही. मी पेपर तपासले, जेवलो, हजेरी घेतली. आत काही हललंच नाही, अजून हललेलं नाही, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

नाव दिलंय तर जावंच लागेल, असं मुख्याध्यापक म्हणाले. दुसऱ्या एका मुलीनं माहिती पाठ करून सांगितली. परीक्षकांनी बांबू हलवून पाहिले आणि चांगली कल्पना आहे म्हणाले.

तेरवी झाल्यावर ती शाळेत आली. तास संपला, सगळे गेले, ती टेबलापाशी थांबली.

"मायनं त्या दिवशी जाळी मांगतली होती," ती म्हणाली. "मी सांगतलं, सरनं ठेवली हाये, परदर्शन झाल्यावर भेटन."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मग तिनं विचारलं, "नंबर आला का, सर?"

"दुसरा," मी म्हणालो.