आबांच्या पत्त्यांत नसलेलं अक्षर

आज दुपारी सांगलीत माझ्या शाळकरी पणतीच्या शेजारी आडवी झाले होते. तिच्या शाळेतून 'फोनिक्स'ची रंगीत कार्डं आलीत... एकेक उचलून ती आवाज काढत होती, म्म्, स्स्. ऐकता ऐकता माझे डोळे मिटले आणि मी थेट आमच्या गावच्या करंजाच्या झाडाखाली जाऊन बसले.

वडूजच्या जवळचं आमचं गाव. पाणी कमी, माळ उदंड. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून माझे वडील घरी आले तेव्हा मी सात वर्षांची असेन... ते पलटणीत गेले तेव्हा मी पाळण्यात होते. मधे कधी रजेवर आले असतील, तर मला आठवत नाही.

त्यामुळे एक उंच, उन्हानं रापलेला माणूस आमच्या सोप्यात राहायला आलाय, एवढंच मला कळत होतं. सगळे त्यांना आबा म्हणायचे. मी काहीच म्हणत नव्हते... हाक मारायची वेळ आली की आईच्या पदराआड जायची.

शाळेत माझी वेगळीच तऱ्हा. मुळाक्षरं गाण्यासारखी घडाघडा म्हणायची. पण गुरुजींनी फळ्यावरचं मधलंच एखादं अक्षर दाखवलं की मला अ पासून पळत सुटावं लागायचं... आणि मी तिथं पोचायच्या आत छडी पोचलेली असायची.

एका संध्याकाळी आई चुलीपुढं म्हणाली, "हौसाला काय अक्षर यायचं न्हाई. उन्हाळी सुट्टीपासनं शेरडामागं जाऊ द्या तिला."

मी भिंतीला टेकून ऐकत होते. मला शाळा सोडायची नव्हती... पण सांगणार कुणाला? आबा म्हणाले, "मला बघू दे जरा."

आबा स्वतः गावात शाळेला गेलेच नव्हते. वाचायला शिकले ते पलटणीत, उत्तरेकडच्या एका दोस्ताकडून, हिंदीतनं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि प्रत्येक तुकड्यावर बोरूनं एकेक अक्षर काढलं. काना, मात्रा, वेलांटी यांचे तुकडे निराळे.

दुपारी करंजाखाली घोंगडं पसरलं. आई लांबूनच म्हणाली, "आवं, पोरीला पत्ते शिकवताय व्हय? लोकं काय म्हणतील?"

"ह्यात राजा-रानी न्हाई. यिऊन बघ की," आबा म्हणाले.

खेळ सोपा होता. पान टाकायचं आणि त्याचा आवाज काढायचा. दोघांच्या पानांतून शब्द जुळला, की जुळवणारा सगळी पानं उचलणार. मी पहिलंच पान टाकलं आणि सवयीनं म्हणाले, "क कमळाचा."

"कमळ कुठाय हितं? नुसता आवाज काढ. आन तोंडात काय हुतंय ते बघ."

मग आम्ही आवाज काढत बसलो... प, ब, म म्हणताना ओठ मिटायचे. क, ग घशातून यायचे. म पुढं काना ठेवला की मिटलेले ओठ उघडायचे. मला ती जादूच वाटायची. वारा यायचा, करंजाची बारीक फुलं पानांवर पडायची आणि आबा ती फुंकरीनं बाजूला करायचे. दुपार कुठं जायची कळायचं नाही.

मी त्यांच्याशी अजूनही बोलत नव्हते. फक्त आवाज काढत होते.

असे बरेच दिवस गेले. एकदा माझ्यापुढं म आणि काना पडला होता. मा... मी मान वर केली. समोर उन्हात आमचा माळ पसरलेला, आणि मला एकदम कळलं की तो शब्द माझ्या पुढ्यात अर्धा पडलाय. मी हातातली पानं चाळली. घोंगड्यावरची सगळी उलथीपालथी केली.

"काय हुडकतीस?" आबांनी विचारलं.

"आबा, ह्यात ळ न्हाई."

ती माझी त्यांना पहिली हाक. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. आबांच्या आलं असावं, कारण ते नुसते माझ्याकडं बघत राहिले... मग त्यांनीही पानं बघितली. खरंच नव्हता. दोस्तानं शिकवलेल्या हिंदी अक्षरांत ळ कुठून असणार?

"लय वर्सं त्या आवाजाबिगर काढली बघ," ते हळूच म्हणाले. त्यांनी एक कोरा तुकडा माझ्यापुढं सरकवला, बोरू हातात दिला. "मला काढून दाव," एवढंच म्हणून ते वाट बघत बसले.

पाटीवर गिरवून गिरवून ते अक्षर माझ्या हातात होतंच. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चाकांसारखं. मी काढलं, शाई वाळायची वाट न बघता मा शेजारी ठेवलं आणि वाचलं... माळ. आबांनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्यामागून तेही म्हणाले, "माळ." दोन-तीनदा म्हणाले.

उन्हाळी सुट्टीआधी गुरुजींनी पुन्हा मधलंच अक्षर दाखवलं. मी पळाले नाही, जागेवरूनच सांगितलं. त्या वर्षी शेरडं राखायला आईनं दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं.

पुढं मी वाईला शिकले, जन्मभर सांगलीत पहिलीचा वर्ग घेतला. मुलांना शिकवायच्या कितीतरी पद्धती आल्या नि गेल्या. पण एखादं मूल अडून बसलं की मी बोरू पुढं करून गप्प बसलेले आबा आठवायची आणि तशीच गप्प बसायची... बहुतेक वेळा मूल आपलं आपण बोलायचं. एवढं एक मला त्यांच्याकडून मिळालं, आणि ते आयुष्याला पुरलं.