भाऊजींच्या गाडीची किंमत

चालत्या वस्तूला सुखाने चालू न देणारा इतका कष्टाळू माणूस आमच्या भिलाईत दुसरा झाला नाही. त्या काळी कारखाना उभा राहत होता आणि देशभरातले कष्टाळू लोक या एका माळावर जमा झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची योग्यता कळेल. त्यांना वस्तू दुरुस्त करायची नसे, 'सुधरवायची' असे. माझे टेबलावरचे घड्याळ दिवसाला दोन मिनिटे मागे पडायचे. एवढ्या किरकोळ दोषासाठी भाऊजींनी ते तीन रविवार उघडून ठेवले. त्यानंतर ते अगदी बिनचूक चालू लागले, फक्त पालथे ठेवले तर. मी तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, तुले टाइम पाह्यजे का काटे पाह्यजे? एक सांग." मी शाळामास्तर, पुस्तकांत रमणारा, वाद टाळणारा माणूस. पुढे कित्येक वर्षे वेळ पाहायची झाली की मी घड्याळ उलटे करी आणि ते बंद पडायच्या आत पटकन वाचून घेई.

भंडाऱ्याकडच्या आमच्या गावाहून ताई आणि भाऊजी इथे आले तेव्हा माळावर तंबू होते आणि भट्टीच्या पायासाठी खणलेले खड्डे. भाऊजी माती ओढणाऱ्या यंत्रावर हेल्पर म्हणून लागले. ताई रेजा झाली, म्हणजे डोक्यावर घमेली वाहू लागली. दोन वर्षे तिने घमेली वाहिली. शेवटच्या पावसाळ्यात फळीवरून पाय घसरून पडली आणि तिचा डावा गुडघा नीट वाकेनासा झाला. त्या दोन वर्षांच्या मजुरीतून तिच्या हातात आल्या सोन्याच्या दोन पाटल्या. भाऊजी पुढे वर्कशॉपमध्ये मेकॅनिक झाले, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळाले, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लागली, सगळे मार्गी लागले. आणि ज्या अर्थी सगळे मार्गी लागले होते, त्या अर्थी भाऊजींनी काहीतरी करणे भागच होते.

अहिवारा गावाच्या पुढे एका जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, गोठ्यात त्यांना एक विलायती मोटार दिसली. मालगुजारी गेली, पेट्रोल परवडेना, म्हणून गाडी गोठ्यात आली होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मालगुजार म्हणाला, "ले जा भैया, कुकरी मन के घर हो गे हे." कोंबड्यांचे घर घेताना भाऊजींनी घासाघीससुद्धा केली नाही. तीनशे रुपये मोजले आणि दोन बैलजोड्या लावून ती वरात घरी आणली. तीनशे कुठून आले हे मला दुसऱ्या दिवशी ताईचे मोकळे मनगट पाहून कळले. पाटल्या तिने स्वतःच काढून दिल्या होत्या. नवऱ्याने चार दिवस जेवण सोडले तर बाई आणखी काय करणार? मात्र तिने त्याच वेळी सांगून टाकले, "गाडी आणा. मी त्यात बसनार नाही. माया पाटल्याइतकी किंमत तिची आहे असं कोन्या साहेबानं कागदावर लिहून देल्लं, त बसन. नाही त पायी जाईन." आणि खरोखरच ती डावी मांडी हाताने दाबत बाजारात पायी जात राहिली.

पुढची पाच वर्षे भाऊजींनी त्या गाडीचे काय केले याचे वर्णन करण्यापेक्षा काय करायचे ठेवले ते सांगणे सोपे आहे. छत, चाकांच्या कड्या आणि मालगुजाराच्या पाटीचे दोन स्क्रू एवढे मूळचे राहिले. इंजिन एका मोडीत निघालेल्या जीपचे आले. एक दिवा मोटारसायकलचा आणि दुसरा ट्रकचा, त्यामुळे समोरून येणाऱ्याला आपण दोन वाहनांच्या मधून जावे असा मोह होई. चौथे दार वळणावर आपोआप उघडायचे, म्हणून ते वेल्डिंग करून कायमचे बंद केले. वायपर सुतळीने चाले आणि ती सुतळी शेजारी बसलेल्याने ओढायची असे. रंग क्रेनचा पिवळा. हे सगळे सामान लिलावातले, आणि एकेका नटाची पावती बिस्किटांच्या डब्यात जपलेली. गाडी बंद पडली असे म्हटलेले त्यांना खपत नसे. "बंद नाही पडली, ते इचार करून राहिली," असे ते म्हणत. सुरू करायला चार माणसे ढकलायला लागत, म्हणून ते कुणाच्या घरी गेले तरी इंजिन बंद करून उतरत नसत. रस्त्यावरून हॉर्न देत, बशीतला चहा खिडकीतून घेत आणि वीस मिनिटे गप्पा मारून जात. त्या वीस मिनिटांत आतल्यांना एक अक्षर ऐकू येत नसे. वर्कशॉपमधला एक रशियन साहेब एकदा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून टोपी काढून उभा राहिला. भाऊजी आयुष्यभर सांगत, की त्याने सलाम केला. मला त्याचा चेहरा आठवतो. माणूस प्रेताजवळ टोपी काढतो तसा तो उभा होता.

अशा गाडीचा भाऊजींनी विमा उतरवायचे ठरवले, आणि तोही ठरलेल्या किमतीचा. म्हणजे गाडीला काही झाले तर किती द्यायचे ते आधीच दोघांनी मिळून ठरवायचे आणि कागदावर शिक्का मारायचा. भरपाईशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. त्यांना हवा होता साहेबाने लिहिलेला आकडा, ताईला दाखवायला. फॉर्म इंग्रजीत, त्यामुळे तो भरण्याचे काम माझ्याकडे आले. गाडीत काही फेरफार केले असल्यास नमूद करा, असा त्यात एक रकाना होता आणि त्याच्या शेजारी कारणाचा. माझ्या मते तिथे एक ओळ पुरली असती. भाऊजींनी मला चार जादा कागद जोडायला लावले. फेरफार म्हणजे वाढलेली किंमत, असा त्यांचा ठाम समज होता. लग्नाच्या बोलणीत मुलाचे गुण सांगावेत तसे ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. चौथे दार का बंद केले, याचे कारणच पाऊण पान झाले. नवव्या कलमाला मात्र ते नुसते म्हणाले, "डाव्या बाजूची मागची पायरी नऊ इंच खाली आणली. आत धरायले पितळी दांडी."

"कारण?" मी विचारले.

ते चिंधीने बोटे पुसत बसले. "लिही ना काहीबी."

मला भूक लागली होती. मी लिहिले, 'कारण नाही'. आणि दहाव्या कलमाकडे वळलो.

विमा कंपनीचे साहेब नागपूरहून आले. बारीक चणीचे, उन्हाची हॅट घातलेले, फार सभ्य गृहस्थ. त्यांनी अर्धा तास गाडी पाहिली आणि माझे कागद चाळले. भाऊजी एकेका सुधारणेवर हात ठेवून बोलत होते, आणि प्रत्येक हातासरशी साहेबांची पेन्सिल एकेक आकडा खोडत होती. एकाचे फुलणे आणि दुसऱ्याचे खोडणे असे सतराव्या कलमापर्यंत चालले. मग साहेब परत पायरीपाशी येऊन थांबले.

"ही एकाच बाजूची खाली आणलीत. गाडी तिरपी दिसते हो. का बरं?"

चौथ्या दारावर पाऊण पान सांगणारा माणूस म्हणाला, "दिसू द्या."

साहेबांनी मला बाजूला घेतले. "मास्तर, हे फेरफाराचे कागद मी पाहिलेच नाहीत असं समजू. जुनी विलायती गाडी, चालू स्थितीत, एवढंच लिहितो. पाचशेपर्यंत जाईन. या कागदांसकट मात्र पावणेदोनशेच्या वर एक रुपया नाही."

पाचशे! ताईच्या पाटल्या भरून वर दोनशे. मी भाऊजींकडे धावतच गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मान हलवली.

"मंग म्या पाच वर्सं काय केलं? झोपा काढल्या काय?"

"भाऊजी, ताई बसेल! तुम्हाला तेच हवं होतं ना?"

"हो. पन ह्या गाडीत बसाले पाह्यजे. ते म्हनून राहिले ते गाडी त मालगुजाराची आहे."

असल्या माणसाशी काय बोलणार? समजुतीच्या सगळ्या वाटा स्वतःच्या हाताने वेल्डिंग करून बंद केलेल्या. साहेबांनी पावणेदोनशे लिहिले, शिक्का मारला, भाऊजींनी मराठीत सही केली आणि मिठाई आणायला निघून गेले. ताईला कागद वाचून दाखवण्याचे काम, अर्थात, माझे.

ती तांदूळ निवडत होती. मी आकडा सांगितला. ती सुपातून वर न पाहता म्हणाली, "बस? बरं झालं. मी पायीच जाईन." मला तिची कीव आली आणि त्याहून जास्त चीड आली. ती ज्याच्यासाठी रिकाम्या मनगटाने फिरत होती, ते काय आहे ते तिला पूर्ण कळू दे, म्हणून मी सतराही कलमे मराठीत वाचायला घेतली, कुत्सितपणे, एकेक शब्द ठासून. सुतळी वाचली, दिवे वाचले, दार वाचले. नवव्यावर ती थांबली.

"कोन्या बाजूची म्हनतं?"

"डाव्या."

"किती खाली?"

"नऊ इंच. आत पितळी दांडी. कारण नाही."

तिने सूप खाली ठेवले. उजव्या हाताने डावा गुडघा चोळला, नकळत चोळला जावा तसा. मग उठली, लुगड्याला हात पुसले आणि बाहेर गेली. मी खिडकीतून पाहिले. तिने दांडी धरली, डावा पाय पायरीवर ठेवला आणि मांडी हाताने न दाबता वर चढली. भाऊजी मिठाईचा पुडा घेऊन परत आले तेव्हा ती मागच्या सीटवर समोर बघत बसलेली होती. शेजारच्या चौघांनी गाडी ढकलली. बोरसी गावापर्यंत जाऊन आली दोघे. उतरल्यावर ती एवढेच म्हणाली, "भोंगा लय वाईट आहे." भाऊजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाह्यलं, मास्तर? शिक्का पाह्यला का मानूस कसा ऐकते!" शेवटपर्यंत त्यांची हीच समजूत होती. मी ती सुधारली नाही. सुधारणा हे त्यांचे खाते.

गेल्या महिन्यात भाऊजी गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, अंगणातल्या पिवळ्या धुडाकडे बघत कुणी कुणी भंगारवाल्याचे नाव काढले. ताईने ऐकले न ऐकलेसे केले. पाहुणे गेल्यावर तिने बिस्किटांचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबू, नऊ नंबर वाच." मी त्यातला विम्याचा कागद उलगडला. शाई फिकी झाली आहे, पण अक्षर माझेच, वळणदार, शाळेत मुलांना दाखवावे असे. पहिला रकाना वाचला आणि दुसऱ्यापाशी अडलो. खिशातून पेन काढले आणि म्हणालो, "ताई, इथं माझी चूक झाली होती. दुरुस्त करतो."

तिने कागद हळूच ओढून घेतला आणि घडी घातली. "राहू दे," ती म्हणाली. "खाली त्यायची सही आहे."