मोठ्या अक्षरांचा शुक्रवार

आमच्या टीमचे प्रमुख तावडे सर, त्यांना मी शेवटचं भेटले ते विक्रोळीला, त्यांच्या घरी. काकूंनी कोकम सरबत दिलं आणि त्या आत गेल्या. सर उशीला टेकून बसले होते, खूप बारीक झालेले. तब्येतीचं कसं विचारायचं याची वाक्यं मी बसमध्ये जुळवून ठेवली होती, पण त्यांनी ती वेळच येऊ दिली नाही. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ गो, तुझी ओळ. माझ्या घरी इली." त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट होता, आमच्याच कंपनीच्या अ‍ॅपमधला. सवयीने मी आधी अक्षरांमधलं अंतर बघितलं. मग आकडा बघितला...

त्यानंतर थोड्याच दिवसांत सर गेले. ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी निरोप आला, त्याखाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागली. मला काहीच टाकता आलं नाही. आता काही आठवड्यांनी लिहितेय, तेही मराठीत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी लिहायला वेळ लागतो. पण सरांशी मी कधी इंग्रजीत बोललेच नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल दुसऱ्या भाषेत लिहिणं जमेना.

आमचं काम नातेवाइकांना सांगताना नेहमी पंचाईत होते. पवईच्या आमच्या ऑफिसात पॅथॉलॉजी लॅबसाठी अ‍ॅप बनतं. त्यातली बटणं, रंग, अक्षरं, चौकटी प्रत्येक टीमने आपापल्या मनाने केल्या, तर एकाच अ‍ॅपमध्ये पाच तऱ्हेची 'रद्द करा' बटणं होतात. ती एकदाच नीट बनवायची, सगळ्यांना द्यायची आणि पुढे सांभाळत राहायची, हे आमचं डिझाइन सिस्टिमचं काम. सर म्हणायचे, "सोसायटीची पाण्याची टाकी आहे ही. नळाला पाणी असेपर्यंत कमिटीची कोणाला आठवण नाही. पाणी गेलं की सगळे खाली!"

या टाकीसाठी त्यांनी एक नियम काढला होता. दर शुक्रवारी टीममधल्या प्रत्येकाने आपल्या फोनवरची अक्षरं सर्वांत मोठी करायची आणि दिवसभर तसाच फोन वापरायचा. आपण बनवलेलं एखादं बटण फुटलं, शब्द अर्धा कापला गेला, तर आपल्यालाच कळावं म्हणून. सरांचा फोन तर बारा महिने तसाच असायचा. "सर, गच्चीवरून पण वाचता येतं हो," असं कोणी चिडवलं की म्हणायचे, "मग वाच की! लपवण्यासारखं काय नाय माझ्याकडे." मला मात्र शुक्रवार नकोसा वाटायचा. माझे मेसेज कोणी वाचलेले मला चालत नाहीत, घरच्यांनीसुद्धा. आणि इथे बसमध्ये शेजारच्या बाईंनी आईचा मेसेज वाचून सांगितलं, "भेंडी नको घेऊस गं, आज आमच्याकडची जून निघाली."

सरांचा दुसरा नियम म्हणजे पालक. अ‍ॅपच्या प्रत्येक भागाला एक पालक असायचा आणि मीटिंगमध्ये त्या भागाबद्दल त्यानेच बोलायचं. "पोराबद्दल शाळेत शेजारी जातात का बोलायला?" मला त्यांनी रिपोर्टमधली आकड्याची ओळ दिली. त्या ओळीचा रंग ठरवायची मीटिंग होती. प्रॉडक्ट टीममधल्या निखिलला मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा लाल हवा होता. "रेड पाहिजेच यार. लोकांना कळायला नको?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते पटत नव्हतं, कारणही माहीत होतं, पण ते कारण घरातलं होतं आणि घरातलं मी बाहेर सांगत नाही. आज गप्प बसले तर ती ओळ लाल होऊनच हजारो घरांत जाणार, हेही दिसत होतं. सर म्हणाले, "पालक बोलल्याशिवाय पुढे जायचं नाय. चहा आहे अजून. थांबूया." आणि ते खरंच थांबले. कोणी माझ्या वतीने बोलायला लागलं की हात वर करायचे. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "माझ्या आईचा रिपोर्ट लाल आला होता. दिवसभर ती फोन घेऊन स्वयंपाकघरात बसून होती. लोह थोडं कमी होतं, एवढंच. पण तिने आकडा वाचलाच नाही. तिने रंग वाचला."

"आणि खरंच सीरियस असलं तर?" निखिल म्हणाला.

"तर लॅबने फोन करायचा. रंगाने नाही सांगायचं."

निखिल खुर्चीत मागे रेलला. "आधी का नाही बोललीस यार?"

"तू थांबलास तेव्हा ना बोलली ती," सर म्हणाले.

ओळ काळीच राहिली. खाली साध्या शब्दांत 'डॉक्टरांशी बोला' एवढंच. ती तशीच विक्रोळीला त्या दुपारी सरांच्या फोनवर होती, मोठ्या अक्षरांत, एकही शब्द न कापलेली. सर म्हणाले, "रिपोर्ट चष्मा न लावता वाचला. पूर्ण वाचला, मग हिला हाक मारली. लाल असता तर आधी हाक मारली असती आणि दोघंही घाबरलो असतो. तुझ्यामुळे माका पाच मिनिटं मिळाली गो, एकट्याची..." एकट्याच्या पाच मिनिटांची किंमत मला कोणी सांगायला नको. मी सरबत संपवलं, ग्लास आत नेऊन ठेवला.

सर गेल्यावर शुक्रवारची आठवण कोणी करून देत नाही. मी माझ्या फोनवरची अक्षरं मोठी केली ती परत लहान केलीच नाहीत. परवा बसमध्ये काकूंचा मेसेज आला : 'तिसऱ्या आणल्यात, शिंपल्यांचं कालवण करणार आहे. हे असते तर त्यांनीच तुला फोन केला असता. रविवारी ये.' शेजारच्या बाईंनी तो वाचला. एरवी मी फोन छातीशी धरला असता.

"कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

पवईपासून मुलुंडपर्यंत मी त्यांना सांगत होते.