साडूंबरोबर इटली, बसने

माणसाला उपाशी ठेवून खाण्याची आवड लावणारा एकच गृहस्थ या पृथ्वीवर असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. थोरल्या मेहुणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान कामोठ्याला राहतात. रबाळ्याच्या एका मसाल्याच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी मिरची, धणे आणि लवंगा हुंगण्यात गेली. पोत्याचं तोंड सैल केलं की माल भिजलेला आहे का, हे ते लांबूनच सांगत. चांगलं अन्न आडगावात असतं आणि आडगावाला बसनेच जावं, हा त्यांचा धर्म. "गाडी केली की हॉटेल येतं, बसने गेलं की गाव येतं," असं ते म्हणत. शिरवण्याच्या एका बाईंच्या हातचं माशाचं कालवण खायला त्यांनी आम्हाला एकदा इतक्या बस बदलत नेलं की आम्ही पोचलो तेव्हा बाईंची भांडी घासून पालथी पडली होती. आम्ही केळी खाऊन परतलो. साडू मात्र तृप्त होते. त्यांनी उंबऱ्यात उभं राहून घरात रेंगाळलेला वास पोटभर घेतला होता.

मग त्यांना एक वाईट ताप येऊन गेला. त्यानंतर ते जेवताना गप्प बसू लागले. अशक्तपणा असेल, असं आम्ही धरून चाललो. आणि अचानक त्यांनी इटलीचा ध्यास घेतला. रोम नको, व्हेनिस नको. टस्कनीतली खेडी, तिथल्या घरचं जेवण, तिथली वाइन, आणि सगळं बसने. ताईंना टेन्शन आलं, म्हणून सोबतीला मी आणि माझी बायको निघालो.

त्या प्रवासाचं वर्णन मी हताश झाल्याशिवाय करू शकत नाही. तिकडे बसचं तिकीट तंबाखूच्या दुकानात मिळतं आणि दुकानदार दुपारी घरी जेवायला जातो. तो येईस्तोवर बस जाते. एका गावी सुंदर थांबा होता, सावली होती, वेळापत्रकही होतं. फक्त ती बस शाळा असेल त्या दिवशीच धावते, हे आम्हाला सुट्टीच्या दिवशी कळलं. खानावळी आमच्या तोंडावर बंद होत. आम्ही द्राक्षांच्या मळ्यांतून बॅगा ओढत चालायचो आणि साडू पुढे, कुणाची तरी शेवटची आशा घेऊन निघाल्यासारखे. बायको म्हणाली, यापेक्षा वाशीत पिझ्झा खाल्ला असता.

शेवटी एका मळेवाल्या आजींनी आम्हाला रस्त्यात पाहून घरी नेलं. शिळ्या पावाचं आणि घेवड्याचं दाट सूप वाढलं, घरची वाइन ओतली. साडूंनी प्याला फिरवला, नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मग आजींनी काचेची एक बरणी आणली. जमिनीखाली उगवणारी ती महागडी अळंबी तिच्यात होती, ट्रफल. आजींनी कौतुकाने बरणी पहिल्यांदा साडूंच्या हाती दिली. त्यांनी ती नाकाशी धरली, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "वा."

ताई हळूच म्हणाल्या, "अहो, झाकण लावलेलंय."

कुणीच हसलं नाही. आजींनी पुढे होऊन झाकण काढलं आणि खोलीभर असा उग्र वास सुटला की माझ्या बायकोने पदर नाकाला लावला. साडू बरणीत बघत राहिले.

"तापात वास गेला तो परत आलाच नाही," ते ताईंना म्हणाले. "इथलं काहीच ओळखीचं नाही. म्हटलं, नवा एखादा वास तरी आत शिरेल."

"आणि घरी माझ्या हातचं जेवताना?"

"आंबट, खारट, तिखट कळतं. तू केलंयस, एवढं बघून कळतं."

ताईंनी साडूंचा प्याला उचलला, वास घेतला आणि ओल्या गोणपाटासारखा येतोय म्हणाल्या. साडूंनी विचारलं, गोणपाटात आधी काय भरलेलं होतं? ताईंनी पुन्हा प्याला नाकाशी नेला. आजींना भाषा कळत नव्हती, पण त्या उठून आत गेल्या आणि उगीच भांडी आवरत बसल्या.

साडूंना अजून वास येत नाही. डॉक्टर आता पुढची तारीख देत नाहीत. साडू वाळले आहेत. कपडे अंगावर लोंबतात. रविवारी दुपारी मात्र त्यांचा फोन येतो. आज काय केलंय, विचारतात. मी सांगतो, वरणभात. मग ते विचारतात, वास कसा येतोय. मी ताटावर वाकतो. हिंगाचा येतोय, मी म्हणतो, तुपाचा येतोय.

"अजून?" ते विचारतात.

एवढी वर्षं वरण खातोय, पण त्यापुढचं मला सांगता येत नाही. ते थांबून राहतात आणि माझा भात निवत जातो.