चिंधी बांधलेलं वांगं

जनीबाईच्या परसात दरवर्षी एका वांग्याला लाल चिंधी बांधलेली असे. चिंधी बांधली की ते बियाण्याचं. मग देवासाठी नाही, पाहुण्यासाठी नाही, ते तोडायचंच नाही. वाण तिच्या आईचं, उरणकडच्या वाडीतलं. ती वाडी प्रकल्पात गेली, पाठोपाठ आई गेली, आणि वाण उरलं ते एकट्या जनीबाईकडे, नव्या पनवेलातल्या तळमजल्याच्या ब्लॉकमागे, चार हात जमिनीत.

ही वांगी पोसत मासळीवर. कोळ्याच्या घरात मासळी धुतलेलं पाणी मोरीत ओतणं म्हणजे माजच. ते पाणी वांग्यांना जाई. डोकी, आतडी, कोलंबीची टरफलं कोपऱ्यातल्या खड्ड्यात, वर राख नि पालापाचोळा. सुक्या मासळीचं खारट पाणी मात्र ती झाडाच्या आसपास फिरकू देत नसे. एवढं तिला कळत होतं, आणि तरी बिल्डिंगीत अडाणी ठरली ती तीच.

वास येई, नाही कशाला म्हणा. राख कमी पडली तर चांगलाच येई. पण काय हो, हीच मंडळी रविवारी बाजारात पापलेटाचे कल्ले उचकून बघत, तेव्हा त्यांची नाकं कुठे जात? चातुर्मासभर सोडलेलं वांगं चंपाषष्ठीला पुन्हा खायचं, तर भरताला वांगी जनीबाईचीच हवीत. सेक्रेटरी भगवानराव तर पिशवी घेऊन पहिले हजर. आणि त्यांनीच सोसायटीच्या मीटिंगमध्ये, जनीबाईला न बोलावता, तिच्या खड्ड्याचा निकाल लावला. खड्डा बुजवा, युरिया घाला, स्वच्छ असतो म्हणे. तिचा मुलगा प्रदीप मीटिंगला होता. कारकुनी करणाऱ्या प्रदीपला आईच्या खड्ड्याची लाज वाटे. तो मान खाली घालून हो म्हणून आला.

तुळशीचं लग्न झाल्यावर जनीबाई भाचीच्या लग्नासाठी आठ दिवस उरणला गेली. तेवढ्यात प्रदीपने खड्डा उपसून कचऱ्यात घातला. मग युरियाचे पांढरे दाणे प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी मूठमूठ टाकले, कोंबड्यांना तांदूळ टाकावेत तसे. चिंधीच्या झाडाला, ते आईचं लाडकं म्हणून, दोन मुठी. वर तांब्या-तांब्या पाणी.

त्याच्या मनात काळं नव्हतं, हे मान्य. युरियाही काही विष नव्हे. आईच्या वाडीत भातासाठी आणलेला युरिया जनीबाईने भाजीला घातलेला होता, चिमटीने, खोडापासून लांब, भरपूर पाण्याबरोबर. विचारलं असतं तर तिनेच दाखवलं असतं. पण जिची चाळीस वर्षं मातीत गेली तिला विचारायचं नाही, आणि मिशीला पीळ भरत मीटिंगा मात्र घ्यायच्या, ही या शहाण्यांची रीत. संताप येतो तो याचाच.

ती परतली तेव्हा पानं कडांनी करपली होती आणि झाडांनी माना टाकल्या होत्या, एकही जगण्यातलं नव्हतं. चिंधीचं वांगं पिवळं व्हायच्या आधीच सुरकुतून गळून पडलं होतं. तिने ते विळीवर चिरलं. आतलं बी पांढरं, कोवळं, नखाने दाबलं की चपटं होणारं. रुजण्याजोगा एक दाणा नव्हता. मागच्या वर्षीचं बी तिने सगळं पेरून टाकलं होतं, कारण दरसाल नवं मिळतंच होतं.

"माज्या आयेचं एवढंच उरलं होतं," ती प्रदीपला म्हणाली. "मना का नाय इचारलास?"

तो बाहेर जाऊन उभा राहिला.

चंपाषष्ठीच्या सकाळी भगवानराव नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन दारात आले. यंदा अजिबात वास नाही, फार बरं झालं, असं म्हणाले आणि चार मोठी वांगी मागितली. जनीबाई त्यांच्या हातातली पिशवी घेऊन आत गेली. उरलेला सगळा युरिया तिने त्या पिशवीत ओतला आणि पिशवी त्यांच्या हातात परत दिली.

"याचंच भरीत करा," ती म्हणाली. "याला वास नाय."